तीन इंचांत तेवीस हजार वाटा

नंजनगूड तालुक्यातल्या हुल्लहळ्ळी गावात म्हैसूरच्या ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग’चं एक सेवा केंद्र आहे. मूळ संस्था १९६५ सालची, म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरातली. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना ऐकू येतं की नाही हे वेळेवर पाहणं, हे तिच्या कामांपैकी एक. पहिल्या चाचणीत शंका आली की पुढची पायरी असते ती ‘बेरा’ची, म्हणजे आवाजाला मेंदूने दिलेला विजेचा प्रतिसाद टिपणाऱ्या चाचणीची.

बेराची तयारी बघण्यासारखी असते. बाळाला पाजून गाढ झोपवायचं, कारण चुळबुळणाऱ्या बाळाचे स्नायू सगळं चित्र बिघडवून टाकतात. कपाळावरची आणि कानांमागची कातडी घासून स्वच्छ करायची आणि तिथे इलेक्ट्रोड चिकटवायचे. कानात इवलासा इअरफोन बसवायचा. मग टक्, टक्, टक्, सेकंदाला वीसेक. पडद्यावर आधी नुसती खरखर दिसते. काहीशे टकटकी झाल्या की त्या खरखरीतून उंचवटे डोकं वर काढतात, आणि दोन हजारांपर्यंत ते चांगले स्थिर होतात. मोठ्या माणसात असे पाच उंचवटे ओळीने मोजता येतात.

दोन हजारच का? मेंदूच्या देठातून, म्हणजे ज्याला डॉक्टर ब्रेनस्टेम म्हणतात तिथून निघालेला विजेचा संदेश कातडीपर्यंत येईतो अर्ध्या मायक्रोव्होल्टहूनही क्षीण झालेला असतो. रिमोटमधल्या दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलचा हा तीस लाखावा भाग. त्याच जागी मेंदूची बाकीची विद्युत गडबड दहा ते पन्नास मायक्रोव्होल्टची. पण ही गडबड कधी वर तर कधी खाली, तिला टकटकीचं सोयरसुतक नाही. देठाचा संदेश मात्र दर टकटकीनंतर ठरल्या क्षणीच येतो. दोन हजार नोंदींची सरासरी काढली की गडबड दोन हजारांच्या वर्गमूळाने, म्हणजे जवळजवळ ४५ पटींनी उतरते आणि संदेश जागच्या जागी राहतो. सगळ्याला वेळ लागतो तो दीडेक मिनिट.

या पाच उंचवट्यांच्या वेळा म्हणजे देठाचं वेळापत्रकच. मोठ्या माणसात पहिला उंचवटा टकटकीनंतर सुमारे दीड मिलिसेकंदाने येतो. तो कानातून निघालेल्या नसेचा. तिसरा ३.७ मिलिसेकंदांच्या आसपास, पाचवा ५.६ च्या. पाचवा येतो तोवर संदेश देठाच्या वरच्या टोकाशी पोचलेला असतो. म्हणजे देठातला सगळा प्रवास चार मिलिसेकंदांचा. तान्ह्या बाळाला त्याच प्रवासाला पाच मिलिसेकंद लागतात, कारण नसांवरचं मायलिनचं वेष्टण अजून पुरतं चढलेलं नसतं. मूल चालायला-बोलायला शिकतं त्याच दोनेक वर्षांत हा जादा मिलिसेकंद गळून पडतो.

याच वाटेवर दोन्ही कानांचे संदेश पहिल्यांदा एकमेकांना भेटतात आणि आवाज डावीकडून आला की उजवीकडून, याचा निवाडा होतो. डोक्याच्या रुंदीमुळे लांबच्या कानाला आवाज पोचायला जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद उशीर होतो. सरावलेला माणूस मात्र दहा मायक्रोसेकंदांचा फरकही ओळखतो. सेकंदाचा एक लाखावा भाग! चेतापेशीचा एक विद्युत ठोका स्वतःच सुमारे एक मिलिसेकंद चालतो. म्हणजे इथे मोजमाप मोजपट्टीपेक्षा शंभरपट बारीक होतंय. आपण ‘कुठून हाक आली’ म्हणून मान वळवतो त्याआधी हे सगळं उरकलेलं असतं.

हा देठ आहे तरी केवढा? लांबीला जेमतेम तीन इंच, जाडीला अंगठ्याएवढा. वजन मेंदूच्या तीन टक्क्यांच्या आत. शाळेत आपण ज्याला मस्तिष्कपुच्छ किंवा लंबमज्जा म्हणून पाठ केलं, तो याचा सगळ्यात खालचा भाग. त्याच्यावर सेतू, त्याच्यावर मध्यमस्तिष्क. कवटीच्या तळाच्या भोकातून खाली उतरला की त्याचाच मज्जारज्जू होतो. मेंदू आणि शरीर यांच्यातली जवळजवळ सगळी वाहतूक या तीन इंचांतून जाते. हातपाय हलवण्याचे हुकूम घेऊन मेंदूच्या सालीतून, म्हणजे बाहेरच्या थरातून, उतरणारे तंतूच एकेका बाजूला दहा लाखांच्या घरात आहेत, आणि लंबमज्जेत ते बाजू बदलतात. म्हणून उजव्या मेंदूतल्या झटक्याने डावा हात लुळा पडतो.

मेंदूत चेतापेशी किती, याचा धड हिशोब लागायला २००९ साल उजाडलं. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांच्या गटाने मेंदूचे भाग विरघळवून त्यांचं अक्षरशः सार केलं आणि त्यात तरंगणारी पेशीकेंद्रकं मोजली. एकूण आकडा आला ८,६०० कोटी. पण वाटणी बघा: ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत, १,६०० कोटी मेंदूच्या सालीत, आणि ‘उरलेलं सगळं’ या एकाच कप्प्यात ६९ कोटी. देठ त्या उरलेल्यात. म्हणजे साऱ्या चेतापेशींपैकी एक टक्काही त्याच्या वाट्याला येत नाही.

आणि काम? आपल्या योगपरंपरेत दिवसाचे श्वास मोजले आहेत: एकवीस हजार सहाशे. मिनिटाला पंधरा धरले तर २४ तासांचा गुणाकार नेमका तेवढाच येतो, आणि आजचा डॉक्टरही निवांत बसलेल्या माणसाचा दर बारा ते वीसच सांगेल. वर्षाचे झाले ७९ लाख. पंच्याहत्तरी गाठलेल्या माणसाचे ५९ कोटी, त्यातले एकतृतीयांश झोपेत. हा ताल धरणारा पेशींचा पुंजका लंबमज्जेत आहे, असं १९९१ साली कॅलिफोर्नियात जॅक फेल्डमन आणि जेफ्री स्मिथ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. उंदरात त्या पुंजक्यातल्या पेशींची गणती काही हजारांवर थांबते.

मला स्वतःला यापेक्षाही चक्रावून टाकतो तो सेतूच्या वरच्या भागातला एक निळसर ठिपका, लोकस सिरुलियस. ठिपका म्हणायचं इतकंच, खरं तर ती दोन बाजूंच्या दोन बारीक काड्यांची जोडी आहे: एकेक काडी सुमारे १५ मिलिमीटर लांब, दोनेक मिलिमीटर जाड. आतल्या रंगद्रव्यामुळे ती कापलेल्या मेंदूत नुसत्या डोळ्यांनी निळसर दिसते. दोन्ही बाजू मिळून पेशी पन्नास हजारांच्या आतबाहेर. मेंदूच्या सालीला नॉरअ‍ॅड्रिनलिन पुरवणारा जवळजवळ एकटा मक्तेदार हाच. दचकणं, लक्ष एकवटणं, झोपेतून खडबडून जागं होणं, या सगळ्यात त्याचा हात असतो. आता प्रमाण काढू. २००१ च्या जनगणनेत नंजनगूड शहराची वस्ती ४८ हजारांच्या घरात होती. तेवढी माणसं धरा या ठिपक्यात. मग उरलेला मेंदू त्याच मापाने ८,६०० कोटींचा, म्हणजे आजच्या पृथ्वीसारख्या दहा पृथ्व्यांची लोकसंख्या. नंजनगूडने रोज पहाटे उठून दहा पृथ्व्यांना जागं करायचं! एकेका नंजनगूडकराच्या वाट्याला सतरा लाख घरं.

हे जमतं ते तंतूंच्या पसाऱ्यामुळे. मध्यमस्तिष्कातल्या काळ्या पट्ट्यात, सब्स्टॅन्शिया नायग्रात, डोपामिन तयार करणाऱ्या चार-पाच लाख पेशी असतात. त्या झिजल्या की पार्किन्सन होतो. अशा एकाच पेशीच्या फांद्या-उपफांद्या सरळ केल्या तर किती भरतील, याचा अंदाज ऑक्सफर्डच्या बोलॅम आणि पिसादाकी यांनी २०१२ साली बांधला. साडेचार मीटर. आणि त्या फांद्यांवर दुसऱ्या पेशींशी होणाऱ्या जोडण्या दहा ते चोवीस लाख. चार लाख पेशींचे साडेचार मीटर जोडले तर १,८०० किलोमीटर होतात: नंजनगूडहून थेट दिल्ली, कावळ्याच्या वाटेने. इतका पसारा जगवायचा तर पेशीला सतत भरपूर ऊर्जा लागते, आणि म्हणूनच याच पेशी आधी दमून मरत असाव्यात असा त्या दोघांचा तर्क आहे. मला तो पटतो.

एवढा महत्त्वाचा अवयव, तर त्याचे नकाशे कधीच तयार झाले असतील असं वाटेल. झालं उलटंच. गेल्या तीस वर्षांत एमआरआयने मेंदूचे जे रंगीत नकाशे काढले त्यांतले बहुतेक सालीचे. देठ चौकटीच्या बाहेर, किंवा चौकटीत असून हिशोबाबाहेर. त्याला कारणं आहेत, आणि ती आकड्यांचीच आहेत.

एमआरआय पाण्यातल्या हायड्रोजनच्या प्रोटॉनांशी रेडिओलहरींनी बोलतो. ७ टेस्लाचं चुंबक म्हणजे दक्षिण भारतात कंपासची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या पावणेदोन लाख पट. एवढ्या प्रचंड ओढीतही प्रोटॉन फारसे बधत नाहीत. दहा लाखांतले जेमतेम २३ जादा एका दिशेला वळतात, बाकीचे एकमेकांना छेद देऊन मोकळे. सगळी तसबीर त्या तेविसांच्या जिवावर. दिलासा एवढाच की गर्दी अफाट आहे: एक घन मिलिमीटर पाण्यात प्रोटॉन सुमारे ६.७ लाख कोटी कोटी, त्यामुळे त्यातले जादा वळलेलेही पंधरा कोटी कोटी भरतात.

प्रोटॉन कोणत्या फ्रिक्वेन्सीला उत्तर देतील हे चुंबकावर ठरतं. आपल्याकडच्या सर्वसाधारण दीड टेस्लाच्या यंत्रात ६४ मेगाहर्ट्झ, ७ टेस्लात २९८. मधेच कुठेतरी, २.३६ टेस्लाला, ते आकाशवाणी म्हैसूरच्या १००.६ वर गुणगुणले असते. हे निव्वळ गमतीखातर. पण म्हैसूरचं ते रेडिओ केंद्र १९३५ साली आपल्या घरी सुरू करणारे आणि ‘आकाशवाणी’ हे नाव रूढ करणारे एम. व्ही. गोपालस्वामी हे महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, ही गंमत मात्र विसरवत नाही. मनाचा अभ्यास आणि रेडिओलहरी एका छपराखाली आणणारा माणूस याच जिल्ह्यात होऊन गेला होता, मेंदूचा पहिला एमआरआय निघण्याच्या कितीतरी वर्षं आधी.

मुद्द्यावर येऊ. नेहमीच्या मेंदू-नकाशांत फोटोचा एक ठोकळा, ज्याला व्हॉक्सेल म्हणतात, तीन मिलिमीटरचा असायचा. म्हणजे २७ घन मिलिमीटर. निळी काडी दोन मिलिमीटरची, ठोकळा तीनचा. काडी ठोकळ्यातच हरवून जाते. ७ टेस्लावर ठोकळा १.१ मिलिमीटरपर्यंत आणता येतो, आकारमान वीसपट कमी. पण ठोकळा लहान केला की त्यातले प्रोटॉनही वीसपट कमी, संदेशही तितकाच क्षीण. म्हणून मोठं चुंबक.

दुसरी अडचण मला जास्त गोड वाटते. देठाशेजारून मोठ्या धमन्या जातात, भोवती मेंदूतलं पाणी हिंदकळतं. हृदयाच्या दर ठोक्याला देठ मिलिमीटरच्या काही शतांश-दशांश भागाने सरकतो, श्वासाबरोबर छाती फुगली की चुंबकीय क्षेत्रही किंचित डळमळतं. आता हृदयाची गती आणि श्वासाचा ताल सांभाळतो कोण? हाच देठ. ज्याचा फोटो काढायचा त्याच्याच हुकमाने फोटो हलतो आहे. ‘जरा दोन मिनिटं थांब रे बाबा’ म्हणायची सोय नाही, कारण तो खरोखर थांबला तर फोटो काढण्यात अर्थ उरणार नाही. मग छातीला पट्टा, बोटाला नाडीमापक लावून प्रत्येक ठोका नि श्वास टिपायचा आणि नंतर हिशोबातून वजा करायचा. या वजाबाकीत खरा संदेशही थोडा कापला जातोच.

तरीही २०२४ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये एक नकाशा प्रसिद्ध झाला. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या जस्टिन हॅन्सन आणि ब्रातिस्लाव मिसिक यांनी बॉस्टनच्या मार्ता बियांचार्डी यांच्या गटाबरोबर तो केला. देठातली ५८ केंद्रं बियांचार्डींच्या गटाने आधीच एकेक करून आखून ठेवली होती. सालीचे ४०० तुकडे पाडले. निरोगी माणसांना ७ टेस्लाच्या यंत्रात स्वस्थ पडून राहायला सांगितलं आणि कोणत्या केंद्रातली हालचाल कोणत्या तुकड्याबरोबर वर-खाली होते ते पाहिलं. ५८ गुणिले ४००: २३,२०० संभाव्य वाटा. देठातल्या देठात आणि सालीतल्या सालीत होणाऱ्या जोड्याही धरल्या तर ४५८ ठिकाणांच्या जोड्या होतात १,०४,६५३.

निघालं काय? देठातली थोडीच केंद्रं अशी की त्यांचे लागेबांधे जवळजवळ सगळ्या सालीशी आहेत. आणि साल कशी चालते याची जी वैशिष्ट्यं आजवर सालीतच शोधली जात होती, म्हणजे तिच्या विद्युत लहरींचे ताल, पाहणं-ऐकणं अशा साध्या कामांपासून विचार-स्मृतीसारख्या गुंतागुंतीच्या कामांपर्यंतची तिची उतरंड, त्यांतल्या अनेकांचा माग देठापर्यंत जातो. त्याच माणसांना ३ टेस्लाच्या यंत्रात घालून पाहिलं तरी निष्कर्ष टिकले. ही शेवटची बाब मला सगळ्यात कामाची वाटते. ७ टेस्लाची यंत्रं जगातच मोजकी. ३ टेस्लाची आपल्या मोठ्या शहरांतल्या इस्पितळांतही आहेत.

त्याच वर्षी बॉस्टनच्याच ब्रायन एडलो यांच्या गटाने दुसऱ्या बाजूने सुरुंग लावला. प्रश्न जुना: माणूस जागा राहतो कशामुळे? १९४९ साली मोरुझी आणि मॅगून यांनी झोपाळलेल्या मांजराच्या देठाला विजेचा हलका धक्का देऊन त्याच्या मेंदूलहरी जागेपणी असतात तशा करून दाखवल्या होत्या. तेव्हापासून ‘जागेपणाचा कळफलक देठात’ हे ठाऊक होतं, तारा ठाऊक नव्हत्या. एडलो यांनी मृत्यूनंतर दान मिळालेले तीन मेंदू घेतले. मेलेला मेंदू हलत नाही, नाडी नाही, घाई नाही. त्यामुळे मिलिमीटरहून बारीक तपशील मिळतो. तिथे पाणी तंतूंच्या बाजूने कसं पसरतं ते मोजलं. जिवंत मेंदूत पाण्याचा रेणू ५० मिलिसेकंदांत साधारण १५ मायक्रॉन भटकतो, केसाच्या जाडीच्याही आत, आणि आडवा जाण्यापेक्षा तंतूच्या दिशेने सहज जातो. या भटकंतीवरून तारांची दिशा काढायची. मग ८४ जिवंत माणसांच्या ७ टेस्ला नोंदींशी तो आराखडा ताडून पाहिला. देठापासून थॅलॅमस, हायपोथॅलॅमसमार्गे सालीपर्यंत जाणारं जागेपणाचं जाळं त्यातून उभं राहिलं. कोमात गेलेल्या रुग्णाची कोणती तार तुटली आहे, हे पुढेमागे त्यावरून सांगता यावं, ही त्यामागची खटपट.

आता थोडं वाईटपणा घेऊन बोलायला हवं. वर्तमानपत्रांत अशा बातम्या ‘मेंदूचं वायरिंग उलगडलं’ म्हणून येतात. २३,२०० वाटा म्हणजे २३,२०० तारा नव्हेत. दोन ठिकाणं एकदम वर-खाली होतात एवढंच त्यातून कळतं. कोण बोलतंय, कोण ऐकतंय, की दोघं तिसऱ्याच्या तालावर डोलताहेत, हे कळत नाही. पाण्याच्या भटकंतीने तार दिसते, पण ती वर जाते की खाली ते दिसत नाही, आणि एकेका ठोकळ्यातून लाखो तंतू जातात. शिवाय एमआरआय चेतापेशी पाहतच नाही; तिच्यामागून येणारं रक्त पाहतो, आणि ते शिखराला पोचायला पाचेक सेकंद घेतं. हुल्लहळ्ळीतल्या बाळाच्या कानातली टकटक देठातून पाच मिलिसेकंदांत पार होते, त्याच्या हजारपट उशिरा. बेराला वेळ मिलिसेकंदाच्या दशांशापर्यंत ठाऊक, जागा अंदाजाने. एमआरआयला जागा मिलिमीटरपर्यंत ठाऊक, वेळ अंदाजाने. दोन्ही एकाच वेळी नेमकं सांगणारं, माणसाला इजा न करणारं यंत्र आजमितीला नाही.

खरं वायरिंग काढायचं तर काय पडेल? २०२४ सालीच हार्वर्ड आणि गूगल यांनी माणसाच्या सालीचा एक घन मिलिमीटर तुकडा पाच हजारांहून जास्त चकत्या करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातला. त्यात निघाल्या ५७ हजार पेशी, १५ कोटी जोडण्या आणि १,४०० टेराबाइट माहिती. देठाचं आकारमान २५ हजार घन मिलिमीटर धरलं तर याच दराने साडेतीन कोटी टेराबाइट. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकाची लोकसंख्या ६ कोटी ११ लाख होती. म्हणजे दर दोन कानडी माणसांमागे एकाहून जास्त हार्ड डिस्क, एकेक टेराबाइटची, एका माणसाच्या एका देठासाठी. भारतात याच्या आसपास जाणारं काम चेन्नईत झालं. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ नावाचा गर्भावस्थेतल्या मेंदूचा नकाशा खुला केला: ५,१३२ छेद, पेशीपेशी दिसेल इतके स्पष्ट. आणि हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ साली शंभर भारतीयांच्या एमआरआयवरून पहिला भारतीय मेंदू-साचा बनवला, तेव्हा लक्षात आलं की आपले मेंदू पाश्चात्त्य साच्यापेक्षा लांबी, रुंदी, उंची तिन्हींत सरासरीने थोडे लहान आहेत. सालीच्या नकाशात दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे खपून जातात. देठात तेवढ्यात अख्खं केंद्र चुकतं.

पुन्हा नंजनगूडला येऊ. तिथलं श्रीकंठेश्वराचं देऊळ कपिलेच्या काठी आहे.  देव हलाहल प्यालेला, म्हणून रोग निवारणारा अशी श्रद्धा. टिपू सुलतानाच्या हत्तीचे डोळे इथे बरे झाले आणि त्याने देवाला ‘हकीम नंजुंड’ म्हटलं, ही आख्यायिका गावात आजही सांगतात. विष घशातच थोपवून धरलं, हे त्या कथेतलं मर्म. देठाच्या अंगाने पाहिलं तर तो चमत्कार फार वरच्या दर्जाचा आहे. घास तोंडात असेपर्यंत मर्जी आपली. तो घशाच्या मागच्या भिंतीला टेकला की लंबमज्जा ताबा घेते: पंचवीसहून जास्त स्नायूंच्या जोड्या ठरलेल्या क्रमाने, सेकंदाच्या आत, श्वास क्षणभर रोखून. सुरू झालेला घोट मधेच अडवणं माणसाच्या हातात नाही.

विषाचा आणि देठाचा खरा संबंध मात्र इस्पितळात येतो. भारतीय कायद्याने माणूस मृत ठरवण्याची एक कसोटी देठावरच टांगली आहे. १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा ‘मस्तिष्क स्तंभ मृत्यू’ असेच शब्द वापरतो. तो ४ फेब्रुवारी १९९५ ला प्रथम लागू झाला तो गोवा, महाराष्ट्र, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांत. चार डॉक्टरांचं मंडळ, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. त्या तपासणीत ७ टेस्लाचं चुंबक कुठेच नाही. बाहुल्यांवर टॉर्च, बुबुळाला कापसाचं टोक, कानात बर्फाचं पाणी, घशात नळी. शेवटी व्हेंटिलेटर काढून फुप्फुसांत ऑक्सिजन सोडत ठेवायचा आणि रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या वर चढू द्यायचा. एवढ्यानेही श्वासाची एक हालचाल झाली नाही, तर देठ गेला.

मण्यार चावलेल्या माणसाच्या बाबतीत या सगळ्या चाचण्या धादांत खोटं बोलू शकतात. मण्यार रात्री चावते, दंशाची खूण धड दिसतही नाही. तिचं विष देठाला हात लावत नाही. नसा जिथे स्नायूंना टेकतात ती टोकं ते निकामी करतं. पापणी हलत नाही, बाहुली आकसत नाही, खोकला नाही, श्वास नाही. आत मेंदू शाबूत, कधीकधी सगळं ऐकू येत असलेला. असे ‘मेंदूमृत’ वाटलेले रुग्ण पुढे बरे होऊन घरी गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शंका आली तर मेंदूलहरींचा आलेख काढतात, कारण त्याला स्नायूंची गरज नसते. प्रतिविषाच्या दहा कुप्या तातडीने द्यायच्याच. पण मण्यारीच्या विषाने एकदा नसांची टोकं खाल्ली की प्रतिविष ती परत आणू शकत नाही. ती नव्याने उगवायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस व्हेंटिलेटर चालू ठेवायचा आणि मंडळाच्या सह्यांचा कागद बाहेर काढायचा नाही.